मायक्रोसॉफ्टचं 'प्रॉडक्ट टर्म्स' संकेतस्थळ: हिंगण्याच्या खरेदी विभागातून

सप्लायर लायसन्सबद्दल जे सांगतो ते बरोबर आहे का, हे मध्यम आकाराच्या कंपनीनं तपासायचं कुठे? मी ते मायक्रोसॉफ्टच्या 'प्रॉडक्ट टर्म्स' या संकेतस्थळावर तपासते. ज्यांच्या टेबलावरून सॉफ्टवेअरची खरेदी होते अशा प्रत्येकानं ते वापरावं, असं माझं ठाम मत आहे. फुकट आहे, लॉगिन लागत नाही. कुठलं सॉफ्टवेअर कोणत्या योजनेत मिळतं, लायसन्स कशावर मोजायचं, काय केलेलं चालतं आणि काय नाही, हे सगळं तिथे करारातल्याच शब्दांत असतं. आणि खरी गोष्ट तीच आहे. व्हॉल्यूम लायसन्स, म्हणजे कंपनीसाठी एकगठ्ठा लायसन्स, घेताना आपण जो करार मान्य करतो, तो वापराच्या हक्कांसाठी याच अटींचा हवाला देतो. उद्या वाद झाला तर सप्लायरचा मेल किंवा त्याचं ब्रोशर कामी येत नाही, हा मजकूर येतो.

मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत खरेदी बघते. प्लेट, अँगल, वेल्डिंग वायर, गॅसचे सिलिंडर, सेफ्टी शूज, आणि त्याच रजिस्टरमध्ये सॉफ्टवेअर. कॉम्प्युटर दीडशेच्या आसपास, एक सर्व्हर रूम, आयटीला दोन मुलं. कायदा विभाग नाही. माझं शिक्षण कॉमर्सचं. लोखंडाचा भाव रोज हलतो, पण टन म्हणजे किती ते कुणी बदलत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मापच बदलतं: कधी यंत्रामागे, कधी माणसामागे, कधी प्रोसेसरमधल्या कोअरमागे, म्हणजे त्यातल्या प्रत्येक गणना करणाऱ्या भागामागे. ड्रॉइंग विभागाला हे २०२० मध्येच कळलं होतं, ऑटोडेस्कनं सामाईक नेटवर्क लायसन्स काढून माणसाच्या नावावरची लायसन्स आणली तेव्हा.

मायक्रोसॉफ्टकडे आमच्या आकाराच्या कंपन्यांना सगळ्यात मोठा फटका ओपन लायसन्स बंद झाल्याचा बसला. त्या योजनेत किमान पाच लायसन्स घ्यायची, एकदा पैसे भरायचे, कायमची तुमची. नागपुरात बर्डीवरचा लहान डीलरसुद्धा त्यातून काम करून द्यायचा. ३१ डिसेंबर २०२१ नंतर त्यात नवी खरेदी थांबली. म्हणून कायमस्वरूपी लायसन्सच संपली असा समज एमआयडीसीत अजून ऐकायला मिळतो. तो चुकीचा आहे. जानेवारी २०२१ पासून ती क्लाउड सोल्यूशन प्रोव्हायडर, म्हणजे सीएसपी, या मार्गानं मिळतात. नावात क्लाउड आहे म्हणून आपण तिकडे बघत नाही, आणि सबस्क्रिप्शन विकणाऱ्याला ते मुद्दाम दाखवण्याचं कारण नाही. कुठल्या योजनेत काय मिळतं याचा तक्ता प्रॉडक्ट टर्म्सवर प्रत्येक प्रॉडक्टच्या पानावर असतो. कोटेशन मागवण्याआधी तो बघावा.

२०२२ च्या सुरुवातीला सबस्क्रिप्शनची नवी पद्धत आली. वर्षाची बांधिलकी घेतली तर संख्या कमी करायला पहिले सात दिवस मिळतात, त्यानंतर मुदत संपेपर्यंत जेवढी घेतली तेवढ्यांचे पैसे. महिन्याची बांधिलकी घेतली तर दर महिन्याला कमी-जास्त करता येतं, पण दर २० टक्के जास्त. आमच्याकडे मोठी ऑर्डर आली की प्लॅनिंगला आणि ड्रॉइंगला सहा-सहा महिन्यांसाठी माणसं येतात. त्यांच्यासाठी मासिकच परवडतं: सहा महिन्यांचे जादा दरानं साधारण सव्वासात महिन्यांचे पैसे होतात, वार्षिक घेतलं तर बाराचे. कायमच्या माणसांना वार्षिक, आलेल्या-गेलेल्यांना मासिक, एवढी विभागणी केली तरी बिल हलकं होतं. ही विभागणी सप्लायरनं सुचवायला हवी होती. सुचवली नाही, म्हणून मी मागितली.

मग फेब्रुवारी २०२३ मध्ये रुपयातले दर डॉलरशी जुळवताना ऑनलाइन सेवा ९ टक्के आणि आपल्या आवारात चालणारं सॉफ्टवेअर साडेचार टक्के महाग झालं. एप्रिल २०२५ पासून वर्षाची बांधिलकी घेऊन पैसे दरमहा भरायचे असतील तर ५ टक्के जादा. अकाउंट्सवाल्यांना दरमहा भरणं आवडतं, पण हिशेब मांडून बघा. सगळे पैसे आधी भरण्याऐवजी महिन्या-महिन्याला भरले तर सरासरी साडेपाच महिन्यांची उधारी मिळते. तिचे ५ टक्के म्हणजे वर्षाला जवळजवळ ११ टक्के व्याज. तुमच्या बँकेचं सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, याहून स्वस्त असेल तर आगाऊ भरलेलं बरं. आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून एंटरप्राइझ अ‍ॅग्रीमेंट या मोठ्या कंपन्यांसाठीच्या करारात ऑनलाइन सेवांवर संख्येनुसार मिळणारी सूट गेली. आम्हाला त्याचा फरक नाही, कारण त्या करारासाठीच व्यावसायिक ग्राहकाला किमान ५०० वापरकर्ते किंवा यंत्रं लागतात, आणि सूट खऱ्या अर्थानं सुरू व्हायची ती २४०० पासून. पण बुटीबोरीतल्या मोठ्या कारखान्यांत किंवा मिहानमधल्या आयटी कंपन्यांत खरेदी बघणाऱ्यांनी, नूतनीकरण जवळ आलं असेल तर, जुन्या दरावर बजेट धरू नये.

आता या संकेतस्थळाचा सर्वात मोठा दोष इथेच सांगते. वरच्या दोन परिच्छेदांतलं दराचं काहीही तिथे मिळत नाही. प्रॉडक्ट टर्म्स हक्क सांगतं, किंमत सांगत नाही, आणि येऊ घातलेल्या बदलाची आगाऊ सूचनाही तिथे नसते. ओपन लायसन्स बंद होणार हे कंपनीनं वर्षभर आधी जाहीर केलं होतं, पण ते बातम्यांत आणि पार्टनरांना पाठवलेल्या पत्रांत. खरेदीवाल्या माणसाला तेव्हाच कळायला हवं होतं. म्हणजे हे एकच संकेतस्थळ बघून निर्धास्त राहता येत नाही. तरीही मी ते का वापरते, ते एका कोटेशनवरून सांगते.

नवा सर्व्हर घ्यायचा होता. दोन प्रोसेसर, प्रत्येकात १२ कोअर. कोटेशनमध्ये विंडोज सर्व्हर स्टँडर्डचा १६ कोअरचा एक पॅक लावलेला. मी फोन केला, तर तिकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, एका सर्व्हरले एक पॅक लागते. सगळे असंच घेतात." दुपारी आयटीतल्या मुलाला शेजारी बसवून विंडोज सर्व्हरचं पान उघडलं. नियम सरळ आहे: सर्व्हरमध्ये जेवढे प्रत्यक्ष कोअर आहेत तेवढे सगळे मोजायचे, प्रोसेसरमागे कमीत कमी ८ आणि सर्व्हरमागे कमीत कमी १६. सप्लायरनं कमीत कमीचा आकडा उचलून तोच पूर्ण आकडा म्हणून लावला होता. आमचे कोअर २४. म्हणजे १६ चा एक पॅक आणि वर दोन-दोन कोअरचे चार.

तेवढ्यात मुलगा म्हणाला, "ताई, पण आपल्याले तर तीन व्हर्च्युअल मशीन टाकायच्या आहेत ना?" व्हर्च्युअल मशीन म्हणजे एकाच सर्व्हरच्या आत चालणारा वेगळा आभासी कॉम्प्युटर. त्याचं उत्तरही त्याच पानावर. स्टँडर्ड आवृत्तीत सगळे कोअर एकदा लायसन्स केले की दोन व्हर्च्युअल मशीन चालवता येतात. तिसरीसाठी त्याच सगळ्या कोअरची लायसन्स पुन्हा घ्यायची. म्हणजे ४८. कोटेशनमध्ये होती १६. गरजेच्या एक तृतीयांश लायसन्सवर आम्ही सर्व्हर चालू केला असता, आणि सर्व्हर एका शब्दानंही तक्रार न करता चालला असता, कारण कोअर मोजून अडवणारं कुलूप त्यात नसतं. आम्ही मग हजेरीचं सॉफ्टवेअर दुसऱ्या मशीनमध्येच बसवलं, तिसरी मशीन टाकली नाही आणि २४ वर काम भागवलं. हा निर्णय खरेदीच्या आधी घेता आला, म्हणून पैसे वाचले.

आणि फक्त पैशाचा प्रश्न नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब मध्ये, माहीत असूनही सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. आमच्या मालकांनी चाळीस वर्षं एका शब्दावर धंदा केलेला आहे. 'सगळे असंच घेतात' या वाक्यावर त्यांचं नाव टांगणीला लागावं, हे मला मान्य नाही.

सर्व्हरबरोबर सीएएल लागतात, म्हणजे सर्व्हर वापरणाऱ्या माणसामागे किंवा यंत्रामागे घ्यायची वेगळी लायसन्स. कारखानेवाल्यांनी हे पान तरी नक्की वाचावं. आमच्या शॉप फ्लोअरवर तपासणीच्या टेबलापाशी एक कॉम्प्युटर आहे. तीन पाळ्यांत तीन माणसं त्यावर नोंदी करतात. माणसामागे मोजलं तर तीन, यंत्रामागे मोजलं तर एक. ऑफिसात उलटं: मार्केटिंगच्या माणसाकडे डेस्कटॉप, लॅपटॉप, फोन, तिथे माणसामागेच घ्यावं. दोन्ही प्रकार एकाच सर्व्हरला एकत्र चालतात. कोटेशनमध्ये मात्र डोळे मिटून सगळी एकाच प्रकारची लावलेली असतात. आणखी एक, सर्व्हरची आवृत्ती नवी तर सीएएलही त्या आवृत्तीची किंवा तिच्यानंतरची लागते; २०१९ ची सीएएल २०२५ च्या सर्व्हरला चालत नाही. 'जुन्या आहेत नं आपल्याकडे' म्हणून ही ओळ कोटेशनमधून काढून घेणारे खरेदीवाले मी पाहिलेत. मध्ये एखादं सॉफ्टवेअर ठेवून शंभर माणसांना एकाच जोडणीतून आत नेलं तरी मोजणी शंभराचीच होते, हेही तिथे लिहिलेलं आहे.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्या सुमारास जुने कॉम्प्युटर बदलायची सगळीकडे घाई होती. रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेली पण दुरुस्त केलेली, यंत्रं स्वस्तात मिळत होती आणि 'विंडोज व्हॉल्यूमवर टाकून देतो' असं ऐकायला मिळत होतं. इथेही प्रॉडक्ट टर्म्स कामी येतं. विंडोजचं व्हॉल्यूम लायसन्स हे अपग्रेडचं लायसन्स आहे. यंत्रावर आधी पात्र विंडोज असावीच लागते, आणि कुठली पात्र याचा तक्ताच दिलेला आहे. व्यावसायिक ग्राहकासाठी होम आवृत्ती त्यात बसत नाही, प्रो बसते. रिकामं यंत्र घेऊन त्यावर व्हॉल्यूम लायसन्स टाकणं म्हणजे पाया नसताना वरचा मजला. रिफर्बिश्ड घ्या, काही हरकत नाही, पण त्याच्यासोबत प्रोचं लायसन्स आलंय का ते बिलावर लिहून घ्या.

माझ्या मते या संकेतस्थळाची सगळ्यात मोलाची गोष्ट तारीख आहे. अटी महिन्या-महिन्याला नव्यानं प्रसिद्ध होतात, काय बदललं याची नोंद असते, आणि जुन्या महिन्यांच्या आवृत्त्या कंपनीच्याच लायसन्सिंग कागदपत्रांच्या पानावर मिळतात. ऑनलाइन सेवेचं सबस्क्रिप्शन घेतलं की त्या वेळच्या अटी साधारणपणे त्या मुदतीपुरत्या लागू राहतात. नूतनीकरण केलं की तेव्हाच्या नव्या. म्हणजे आज काय लिहिलंय यापेक्षा आपण घेतलं तेव्हा काय लिहिलं होतं हे जास्त महत्त्वाचं. माझ्याकडे प्रत्येक सॉफ्टवेअर खरेदीच्या फायलीत परचेस ऑर्डर, बिल आणि त्या महिन्याच्या अटींचं संबंधित पान एकत्र लावलेलं असतं. ऑडिटर बसला की त्याच्यापुढे ती फाईल ठेवायची. दहा वर्षांपूर्वी हे जमत नव्हतं असं नाही, पण कागद विखुरलेले होते. जुलै २०१५ मध्ये प्रॉडक्ट लिस्ट आणि वापराच्या हक्कांचा वेगळा दस्तऐवज एकत्र करून प्रॉडक्ट टर्म्स झालं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ऑनलाइन सेवांच्या अटीही त्यात आल्या. आता एकाच ठिकाणी शोधावं लागतं, ही मोठी सोय आहे.

त्याच्याच जोडीनं एक काम आजच करा. जुन्या ओपन लायसन्सच्या प्रॉडक्ट की (सॉफ्टवेअर चालू करायचे क्रमांक) आणि डाउनलोड पूर्वी व्हीएलएससी नावाच्या पोर्टलवर असायचे, ते काम आता मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या अ‍ॅडमिन सेंटरमध्ये गेलंय. तुमची लायसन्स कुणाच्या ईमेलवर नोंदलेली आहेत ते बघा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या ईमेलवर असतील तर बदलून घ्या.

वाचायला हे संकेतस्थळ जड आहे, यात शंका नाही. मी इंग्रजीतून वाचते, आणि ते वकिली इंग्रजी आहे. मोठ्या अक्षरानं सुरू होणारा प्रत्येक शब्द म्हणजे शब्दसूचीत वेगळी व्याख्या. ती उघडली की त्यात आणखी दोन मोठ्या अक्षरांचे शब्द. सुरुवातीला वरच्या पट्टीत आपली योजना निवडावी लागते. ती चुकीची निवडली तर दुसऱ्याच करारातल्या ग्राहकाच्या अटी आपण आपल्या समजून वाचत बसतो, आणि हा धोका नवख्याला कुणी सांगत नाही. फोनवर रुंद तक्ते नीट दिसत नाहीत. सीताबर्डीहून लोकमान्य नगरला मेट्रोनं येताना मी सर्वसाधारण अटींचा मजकूर वाचू शकते, पण कोअर आणि सीएएलचे तक्ते ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवरच. उदाहरणं जवळजवळ नाहीत. '१२ कोअरचे दोन प्रोसेसर, तीन मशीन, तर किती?' असं एक गणित त्या पानावर सोडवून दाखवलं असतं तर किती कंपन्यांचा त्रास वाचला असता. त्यासाठी कंपनीचे वेगळे लायसन्सिंग गाइड आहेत, ते उतरवून घ्या. ते बरेच सोपे आहेत, फक्त करार म्हणून दाखवता येत नाहीत.

टॅलीचं उदाहरण मी आयटीच्या मुलांना नेहमी देते. लायसन्स एकदा घ्या, अपडेटसाठी टीएसएसचं, म्हणजे टॅलीच्या अपडेट सेवेचं, नूतनीकरण करा, आमच्या अकाउंट्सच्या काकांना ते तोंडपाठ आहे. इतकं सोपं मायक्रोसॉफ्टचं होणार नाही, प्रॉडक्टच शेकड्यांनी आहेत. पण ज्या ग्राहकांकडे वकील नाही त्यांच्यासाठी प्रत्येक पानावर चार सोप्या ओळी लिहिणं एवढ्या मोठ्या कंपनीला अवघड नसावं.

पाचपैकी साडेतीन गुण. एक गुण दर आणि पुढच्या बदलांची सूचना नसल्याचा गेला, अर्धा भाषेचा. मजकुराच्या खात्रीला पूर्ण गुण.

त्या सर्व्हरवाल्या सप्लायरला आम्ही सोडलं नाही. पानाची प्रिंट पाठवल्यावर त्यांनी त्याच संध्याकाळी २४ कोअरचं सुधारित कोटेशन दिलं, तेही सीएएल माणसामागे आणि यंत्रामागे वेगवेगळी दाखवून. तेव्हापासून आमच्या प्रत्येक परचेस ऑर्डरवर एक ओळ छापलेली असते: लायसन्सची संख्या ज्या अटींवरून काढली, त्या प्रॉडक्ट टर्म्सचा महिना आणि वर्ष कोटेशनवर लिहावं. नवीन सप्लायर पहिल्यांदा ती ओळ वाचून फोन करतो आणि विचारतो, हे काय आहे मॅडम. मी त्याला पत्ता पाठवते.